डाव्या मनगटाचे तीन दिवस

५ जानेवारी

नवी वही काढली. जुनीत अजून चाळीस पानं कोरी आहेत, पण वर्ष संपलं की वही संपली, हा माझा नियम. दरवर्षी डिसेंबरात पानं पुरायची नाहीत, यंदा उरली. अक्षर आटोपशीर झालंय, एका पानात दोन-दोन दिवस मावतात. कागद वाचतो, माझी तक्रार नाही.

पोहायला शिकवणाऱ्या कोचांचं ऑटोमॅटिक घड्याळ सूनबाईने आज जोडून दिलं. त्यांची तक्रार अशी की रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. आतलं तेल वाळून गोंद झालं होतं. उद्यापासून ते माझ्या मनगटावर. ही रीत वडिलांनी घालून दिलेली. दुरुस्त झालेल्या प्रत्येक ऑटोमॅटिकला पूर्ण चावी द्यायची आणि दुकानाच्या मालकाने ते तीन दिवस स्वतःच्या डाव्या मनगटावर घालायचं. झोपताना काढायचं, उठल्यावर घालायचं. चौथ्या दिवशी सकाळी चालू असेल तरच गिऱ्हाइकाला द्यायचं. तसं कपाटात घड्याळं फिरवत ठेवणारं यंत्र आहे, त्याला आम्ही पाळणा म्हणतो. पण पाळण्यात सगळीच गुणी असतात.

माझं स्वतःचं घड्याळ वडिलांचं, रोज सकाळी चावी द्यायचं. परीक्षेच्या दिवसांत ते उजव्या हातावर जातं. दोन्ही मनगटांवर घड्याळं घालून हिंडणारा म्हणून गल्लीतली पोरं मला हसतात. हसू देत.

८ जानेवारी

कोचांचं घड्याळ नापास. सकाळी उठून बघतो तर पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी थांबलेलं. पूर्ण चावी दिली की ते तसंही दीड-पावणेदोन दिवस चालतंच. म्हणजे मी दोन दिवस घालून हिंडलो त्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही. मी दिली तेवढी चावी खाल्ली आणि बसलं.

अशा वेळी दोष कुठे असतो ते मला झोपेतही सांगता येईल. हात हलला की आतलं अर्धचंद्री वजन फिरतं, ते रिव्हर्सर नावाच्या दोन लहान चाकांना फिरवतं आणि ती चाकं स्प्रिंगला पीळ देतात. या जोडीला तेल जास्त झालं की ती चिकटते. मग वजन नुसतंच गरगरतं.

सूनबाईला विचारलं, "रिव्हर्सरला तेल किती दिलंस?"

"दिलंच नाही, बाबा. पातळ द्रावात बुडवून वाळवली. तुम्हीच शिकवलंत तसं."

"मग थांबलं का?"

"पाळण्यात घालून बघू?"

"पाळण्याचं मला सांगू नकोस."

तोंडातून जरा जास्तच निघालं. ती सहा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतेय. मुलगा शाळेत शिकवतो, त्याला घड्याळाचं तोंड आणि पाठ एवढंच कळतं. पण लग्न होऊन आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तिने माझ्या हातातला चिमटा मागून घेतला होता.

१० जानेवारी

रिव्हर्सरची जोडी मी स्वतः काढून बेन्झिनमध्ये धुतली. बेन्झिनला अजिबात वास नाही. दुकानदाराला फोन करून झापलं की तू पाणी विकतोस की काय. तो म्हणतो, याच पिंपातलं सगळ्यांना दिलंय. सगळे भेसळ करतात आणि सगळे हेच म्हणतात.

११ जानेवारी

आज एक निवृत्त हेडक्लार्क आले. घड्याळ सारखं बंद पडतं, दोनदा दुरुस्त करून झालं, म्हणाले. मी त्यांना आमच्या दुकानाचे चार प्रश्न ऐकवले. चावी दिल्यावर चालतं का? वजन मोकळं फिरतं का? रिव्हर्सर पकडतो का? तिन्हींचं उत्तर "हो" असेल तर चौथा प्रश्न, घालणारा हलतो का? त्यांना विचारलं, दिवसभर काय करता? म्हणाले, टीव्ही बघतो. मी म्हटलं, साहेब, हे मांजर नाही स्वतःचं स्वतः खायला. हात हलवा, नाहीतर चावी द्या. बिचारे ओशाळले. सूनबाई खाली मान घालून हसत होती.

बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो.

१५ जानेवारी

कोचांचं घड्याळ पुन्हा नापास. या वेळी साडेतीनला थांबलं.

१९ जानेवारी

आता कोचांचं एकटं नाही. सूनबाईने जोडलेली आणखी दोन ऑटोमॅटिक माझ्या मनगटावर थांबली. दोन्ही पाळण्यात व्यवस्थित चालतात. ती म्हणते, "बाबा, दोन दिवस मी घालून बघते."

मी नाही म्हटलं. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तपासायचा, हे कुठल्या शाळेत चालतं?

कोच विचारायला आले होते. मी नेहमीसारखाच बोलत होतो, तर मध्येच म्हणाले, "काका, रागावलात का माझ्यावर?" मी कशाला रागावू? म्हटलं, माझा चेहराच असा आहे.

आमच्या हिला, म्हणजे बायकोला, मात्र आता कानाचा डॉक्टर दाखवायला हवा. प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं. "अहो, जरा मोठ्याने. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता?" मी पुटपुटत नाही. संसाराच्या छत्तीस वर्षांत एकदाही पुटपुटलो नाही.

२२ जानेवारी

आज जे कळलं त्याने डोकं उठलंय. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर निघालंय. काचेच्या खोल्या, पांढरे कोट, धूळ शोषणारी यंत्रं. सूनबाईने तिथे अर्ज केलाय. जेवताना तिनेच सांगितलं.

"अजून काही नक्की नाही, बाबा. पण तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगते."

मुलगा ताटात बघत राहिला. म्हणजे त्याला माहीत होतं. बायकोलाही माहीत होतं, कारण ती लगेच पाणी आणायला उठली. घरात मी तेवढा अडाणी.

मी विचारलं, "माझ्यामागे दुकान कोण बघणार?"

"तुम्ही आहात की अजून वीस वर्षं," ती म्हणाली. आणि मग हळूच, "तसंही तिथे माझं काम पास होईल."

ते वाक्य मला लागलं. अजून लागतंय.

२६ जानेवारी

हे जपून लिहितो. मागच्या सोमवारी मी एक घड्याळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केलं. सूनबाईने त्याला बोट लावलं नव्हतं. ठरवलं होतं की हे चालेल आणि मग तिच्यापुढे ठेवीन, की बघ, हात कशाला म्हणतात.

ते आज पहाटे पाच वाजता थांबलं.

सकाळपासून विचार करतोय. मी चूक केली असेल? चाळीस वर्षांत नाही केली. वजन मोकळं आहे, रिव्हर्सर पकडतो, स्प्रिंग नवी. तिन्ही प्रश्नांची उत्तरं "हो". मग उरतं एकच. घड्याळ जोडून झाल्यावर एक दुपार ते माझ्या उघड्या ड्रॉवरमध्ये होतं आणि मी जेवायला घरी गेलो होतो. दुकानात ती एकटी होती.

लिहिताना लाज वाटतेय, पण विचार आला तो आला. आपलं काम नापास होतंय म्हणून माझंही नापास व्हावं, असं वाटू शकतं माणसाला.

२७ जानेवारी

ड्रॉवरला कुलूप लावलं. किल्ली खिशात. तिने बघितलं. दिवसभर दुकानात फक्त घड्याळं बोलत होती.

नव्या शर्टाची काजं अरुंद शिवली आहेत. उजव्या बाहीचं बटण लावायला सकाळी दहा मिनिटं गेली. शिंपीही बिघडलाय.

३० जानेवारी

आज भडका उडाला. कोचांचं घड्याळ कपाटात नव्हतं. सूनबाईने ते काल परस्पर देऊन टाकलं.

"तीन दिवस पास झाल्याशिवाय आपण देत नाही," मी म्हटलं.

"चोवीस दिवस झाले, बाबा. त्यात काही दोष नाही. कोचांना म्हटलं, तुम्ही घाला आणि मला रोज कळवा."

"आणि माझं मनगट?"

ती काहीतरी बोलणार होती. माझ्या हाताकडे बघितलं आणि थांबली. मला वाटतं, तिला उत्तर सुचलं नाही.

मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, तुला या दुकानाची नाही, तुझ्या पांढऱ्या कोटाची घाई झालीय. म्हटलं, माझ्या ड्रॉवरमधल्या घड्याळाला काय केलंस तेही एकदा सांगून टाक. तिचा चेहरा पडला. पर्स नाही, डबा नाही, तशीच पायऱ्या उतरून गेली.

२ फेब्रुवारी

कोचांचा फोन. घड्याळ चार दिवस उत्तम चालतंय. चालेलच. तो माणूस दिवसभर पाण्याकाठी हातवारे करतो, त्याच्या हातावर दगडही चालेल.

३ फेब्रुवारी

सर्व्हिस सेंटरच्या प्रमुख बाईंचं पत्र आलं. उमेदवाराने ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचं मत त्यांना हवंय. स्वतःच्या अक्षरात, खाली सही करून. सूनबाईने माझंच नाव दिलंय. एवढं सगळं होऊनही माझंच.

संध्याकाळी बसून लिहिलं. "हात सफाईचा आहे, शिकण्याची तयारी आहे. परंतु अलीकडच्या कामावर भरवसा ठेवता येत नाही. तपासणीत घड्याळे वारंवार बंद पडली." खोटं एक अक्षर नाही. लगेच पेटीत टाकून आलो, नाहीतर सकाळपर्यंत मन बदललं असतं.

मला ती जायला नको आहे, हे खरं कारण. वहीत तरी कबूल करतो.

८ फेब्रुवारी

आज सूनबाई माझ्याशी नऊ दिवसांनी बोलली. म्हणाली, "बाबा, कोपऱ्यावरच्या दुकानातून बॅटरीचं पाकीट आणता?" मला बरं वाटलं. गेलो, आणलं. परत आलो तर ती दारात फोन घेऊन उभी.

"रागावू नका. एवढं बघा."

फोनमध्ये आमचा रस्ता होता आणि एक म्हातारा चालत होता. पावलं आखूड. उजवा हात ठीक, पुढे-मागे होत होता. डावा कोपरात जरासा वाकून अंगाला चिकटलेला, जणू काखेत वर्तमानपत्र धरलंय. तो हललाच नाही. दुकानापासून कोपऱ्यापर्यंत एकदाही नाही. मी मनात म्हटलं, कोण हा, याने एक हात घरी ठेवलाय की काय. मग त्याचा शर्ट ओळखीचा वाटला.

"महिनाभर बघतेय," ती म्हणाली. "आधी वाटलं, घड्याळाला जपून चालता. मग तुम्ही स्वतः जोडलेलं घड्याळही थांबलं, तेव्हा उरला तो आपला चौथा प्रश्न. पण तो तुम्हाला कसा विचारणार?"

मी खुर्चीत बसलो. तिने ड्रॉवरमधलं मी जोडलेलं घड्याळ मागितलं. मी किल्ली दिली. तिने त्याला पूर्ण चावी दिली आणि माझ्या उजव्या मनगटावर बांधलं. वडिलांचं डावीकडे सरकवलं.

११ फेब्रुवारी

चालू आहे. चौथा दिवस, उजवं मनगट, सेकंदाचा फरक नाही.

म्हणजे सगळी घड्याळं बरोबर होती. तिची आणि माझीही.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे. ही आणि सूनबाई दोघी बरोबर. डॉक्टर तरुण आहेत, हात थंडगार. अंगठ्यावर तर्जनी आपटायला सांगितली. उजवी टकटक चालली, डावी चार ठोक्यांत मंदावली आणि थांबली. चावी संपल्यासारखी. एक वाक्य लिहायला सांगितलं. लिहिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"पूर्वीपासून इतकं बारीक?"

"आटोपशीर आहे," मी म्हटलं.

"वास येतो नीट?"

"बेन्झिनमध्ये भेसळ आहे," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. ही म्हणाली, "परवा दूध करपून घरभर धूर झाला, हे शेजारी पेपर वाचत बसले होते." आणि मग आवाजाचं सांगितलं, बटणाचं सांगितलं. तिचे कान ठणठणीत आहेत.

डॉक्टर म्हणाले, कंपवात. मी माझे दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. म्हटलं, बघा, केसाइतकाही कंप नाही, मी घड्याळजी आहे. ते म्हणाले, काहींना थरथर आधी येत नाही. हात नुसता हलायचा विसरतो. पूर्ण बरं होणार नाही, पण औषधाने आणि व्यायामाने पुष्कळ वर्षं सांभाळता येईल. चालताना हात मुद्दाम हलवायचा.

मला भीती वाटते. हे मोठ्या अक्षरात लिहायचं होतं, पण ओळीच्या शेवटी पुन्हा लहान झालं.

१३ फेब्रुवारी

सूनबाईला पत्राचं सांगितलं. न सांगता जेवण जाईना. काय लिहिलं ते शब्दन् शब्द सांगितलं, माफी मागितली. ती रडली नाही. भिंग डोळ्याला लावून काम करत राहिली. तासाभराने मान वर न करता म्हणाली, "पत्रापेक्षा कुलूप जास्त लागलं, बाबा."

ड्रॉवरचं कुलूप काढून कचऱ्यात टाकलं.

१५ फेब्रुवारी

सकाळी सूनबाईने कपाटातलं एक बेवारशी ऑटोमॅटिक पूर्ण चावी देऊन माझ्या डाव्या मनगटावर बांधलं. "हे आता तुमचं औषध. तुम्ही हललात तरच हे चालणार. बंद पडलं तर मला कळेल, थापा चालणार नाहीत."

दुपारी ती बाहेर असताना सेंटरच्या प्रमुख बाईंचा फोन आला. आवाज अवघडलेला. "काका, तुमचं पत्र मिळालं, पण माफ करा, आम्हाला वाचताच आलं नाही. इथे सगळे भिंग लावूनच बसतात, सगळ्यांनी लावून बघितलं. 'हात' एवढा एकच शब्द लागला. पुन्हा पाठवाल का, शक्यतो मोठ्या अक्षरात? आम्ही जागा या आठवड्यापुरती धरून ठेवतो."

फोन ठेवला. ते पत्र कुणी वाचलंच नाही. ज्या आजाराने ते माझ्याकडून लिहवून घेतलं त्यानेच ते पुसलं.

आता खरं ते लिहितो. मी नुसतं गप्प बसलो तर सूनबाई इथेच राहील. कुणाला कळणारही नाही. आठवडा जाईल, जागा भरेल. माझा डावा हात रोज थोडा आखडत जाणार आणि बारीक चाकं धरायला मला शेजारी तिचाच हात लागणार. गप्प बसायला काही करावं लागत नाही. दुपारभर हाच विचार केला.

१६ फेब्रुवारी

मुलाकडून शाळेची दुरेघी वही मागून घेतली. तो विचारत होता कशाला, म्हटलं शुद्धलेखन. चार ओळींना सव्वा तास लागला. प्रत्येक अक्षर वरच्या रेघेला टेकलंच पाहिजे, असं स्वतःला बजावत लिहिलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर उतरलं ते असं:

"माझ्या सुनेचे काम मी सहा वर्षे माझ्या डाव्या मनगटावर तपासत आलो. या जानेवारीत तिची घड्याळे माझ्या मनगटावर थांबू लागली. दोष मनगटात निघाला, आणि तोही तिनेच शोधला. तिला घ्या."

पत्र स्वतः टाकायला गेलो, कारण तिच्या हाती दिलं असतं तर ते पोचलं नसतं, एवढं मी तिला ओळखतो. जाताना आणि येताना डावा हात शिपायासारखा हलवत गेलो. गल्लीतली पोरं बघून हसली. एक तर माझ्यामागे तसंच चालून दाखवत होतं. मी आणखी जोरात हलवला.

१८ फेब्रुवारी

चौथा दिवस. सूनबाईने सकाळी चहाआधी माझं मनगट हातात घेतलं, घड्याळ कानाशी नेलं.

"पास," म्हणाली.

काल सेंटरच्या बाईंनी तिला फोन केला होता. पत्र पूर्ण वाचता आलं म्हणे, तिलाही वाचून दाखवलं. एक तारखेपासून बोलावलंय. हे सगळं तिने माझा हात न सोडता सांगितलं, आणि तेव्हा कुठे तिचे डोळे भरले.

"मी तिकडे गेल्यावर हे रोज कोण बघणार, बाबा?"

"तूच," मी म्हटलं. "संध्याकाळी घरीच येणार आहेस ना?"

तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं.